धनगरवाटेची वही

१

डबा होता, कडी होती, कडीत लाकडाची खुंटीही होती. वही तेवढी नव्हती.

रविवारी सकाळी नऊ पस्तीसची गोष्ट. मी चौसष्ट नंबरची बस वर टेकडीच्या थांब्यावर लावली, इंजिन बंद केलं, आणि नेहमीसारखा शेडमध्ये बूड टेकायला गेलो. खाली आमचं स्टेनबर्न गाव, वर हे खडूच्या पांढऱ्या दगडाचे डोंगर, मधे सगळा चढ. इंजिनाला दम लागतो तसा मलाही लागतो. शेडच्या कोपऱ्यात टिनाचा डबा ठोकलेला आहे. चालायला आलेली माणसं त्यातली वही काढतात, नाव-गाव लिहितात, कुणी पाखरू दिसलं ते लिहितं, कुणी नुसतंच "वारा फार" लिहितं. बावीस वर्षं चाललंय हे. एक वही भरली की दुसरी तिलाच शिवायची, असं करत चार बोटं जाड झाली होती.

त्या दिवशी चालायच्या क्लबाची सतरा माणसं माझ्याच बसमधून उतरली. क्लबाचे सेक्रेटरी व्हेरल मास्तर, म्हणजे भूगोलाचे रिटायर झालेले मास्तर, त्यांनी डबा उघडला आणि उघडाच धरून उभे राहिले. मागचे लोक आधी थट्टा करत होते की मास्तरांना डब्यात साप दिसला काय. मग एकेकानं वाकून पाहिलं आणि थट्टा बंद झाली.

कारण दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, सरकारकडून चौकशीला एक बाई यायच्या होत्या. आणि त्या येणार होत्या त्या वहीसाठीच.

आता एवढं सांगायलाच हवं. शेडच्या समोर फाटक आहे. फाटकातून धनगरवाट निघते, हिरवळीवरून, मेंढ्यांमधून, थेट कड्यापर्यंत. ही सगळी जमीन एका इस्टेटीची. तीन वर्षांपूर्वी ती इस्टेट नव्या मालकानं घेतली, आणि या वसंतात पाटी लागली: एक जुलैपासून फाटक बंद. वाट बंद झाली तर थांब्यावर उतरून जायचं कुठं? दीड मैल डांबरी रस्त्यानं, तोही बिनफूटपाथाचा, दगडांचे ट्रक अंगावर घेत. कोण उतरेल? आणि कुणी उतरलं नाही तर रविवारची चौसष्ट कशाला चालवतील? म्हणून क्लबानं दावा लावला. कायदा असा की वीस वर्षं लोक एका वाटेनं चालत आलेले दाखवता आले तर वाट सगळ्यांची होते. दाखवायला काय होतं? ती वही.

"हे स्ट्राउडचं काम," मी म्हटलं. स्ट्राउड म्हणजे इस्टेटीचा मॅनेजर.

तेव्हा त्याच बसनं वर आलेली हेस्टर बोनिफेस मागून म्हणाली, "पेलिंग, तू गप. आणि त्या डब्याला हात लावू नकोस."

२

हेस्टर आमच्या डेपोत सव्वीस वर्षं हरवल्या-सापडल्याची खोली सांभाळायची. बसमध्ये लोक काय काय विसरतात तुम्हाला सांगून खरं वाटणार नाही. छत्र्या, कवळ्या, एकदा तर पिंजऱ्यासकट ससा. छत्रीची मूठ पाहून ती सांगायची, ही डावखुऱ्या माणसाची, कुत्रं पाळणाऱ्याची, आणि तो मंगळवारी येईल न्यायला. मंगळवारी यायचा. मी शाळेत फार टिकलो नाही, पण शिकलेल्या माणसांपेक्षा हेस्टरचं डोकं जास्त चालतं हे ओळखायला शाळा लागत नाही.

तिनं डब्यात नाक घातलं. दोरीला बांधलेली पेन्सिल जागेवर. वही ज्या मेणकापडात गुंडाळायची ते कापड मात्र गायब. मग खुंटी काढून परत घालून पाहिली. नीट बसवायला ती जरा पिळावी लागते, नाहीतर वाऱ्यानं झाकण आपटतं.

"सभ्य चोर आहे," ती म्हणाली.

मी विचारलं, चोर कसला सभ्य? ती म्हणाली, ज्याला वही जाळायची असेल तो तिला मेणकापडात कशाला गुंडाळेल? ज्याला घाई असेल तो खुंटी पिळून कशाला बसवेल? पेन्सिलही सोडली, कारण उद्या कुणाला लागेल. "ज्यानं नेली त्याला वही भिजायला नको आहे. नुसती दिसायला नको आहे."

क्लबाचे लोक दोघं-चौघं करून चालायला निघून गेले, तोंडं पाडून. मास्तर मात्र बाकावर बसून राहिले. बूट पांढऱ्या लगद्यानं घोट्यापर्यंत माखलेले. हेस्टरनं त्यांना हळूच विचारलं, वही शेवटची कधी पाहिली?

काल, मास्तर म्हणाले. शनिवारी, सोमवारच्या कामाची तयारी म्हणून ते एकटेच आले होते, सगळी पानं तपासली, आणि तीन पंचवीसच्या बसनं खाली गेले. मी मान हलवली. खरंच होतं, माझ्याच बसमध्ये बसले होते, स्टेनबर्नच्या बाजारात उतरले होते, उतरताना आभारही मानले होते. ते प्रत्येक वेळी मानतात.

"बावीस वर्षांची वही हो," मास्तर म्हणाले. "किती लोकांनी मन लावून लिहिलं. त्या डच मुलींनी ती चष्मेवाली मेंढी काढली, किती सुंदर. सगळं गेलं."

मी त्यांना माझ्या फ्लास्कमधला चहा दिला. हेस्टरनं काहीच दिलं नाही. ती त्यांच्या बुटांकडे बघत होती.

३

परतीच्या फेरीला वेळ होता, म्हणून आम्ही दोघं समोरच्या चहाच्या दुकानात शिरलो. दुकान डॉर्कस बॉटिंगचं, पण इमारत इस्टेटीची. मला वाटलं इथं काहीतरी सापडेल. नव्या मालकानं दुकान पुढं ठेवायचं की नाही ते अजून सांगितलेलं नव्हतं, आणि अशा वेळी माणूस मालकाला खूश करायला बघतो.

हेस्टरनं दोन स्कोन, ते गोडसर छोटे पाव, मागवले आणि तोंडावरच विचारलं, वही तू नेलीस का गं?

डॉर्कस तापली. म्हणाली, माझ्या दुकानात येणारी दहातली नऊ माणसं त्या वाटेवरून चिखल घेऊन येतात, फाटक बंद झालं तर मी स्कोन काय मेंढ्यांना विकू? काल पाचला दुकान बंद करून ती चर्चमध्ये घंटा वाजवायच्या सरावाला गेली होती. साडेआठपर्यंत तिथंच, आठ माणसांच्या देखत. जाताना काय पाहिलं? काही नाही. पाऊस होता. पावणेपाचला सुरू झाला तो सहाला थांबला.

"त्याआधी?"

"त्याआधी आठवडाभर थेंब नाही. वाट पिठासारखी झाली होती. परवापासून मी काउंटर पुसून पुसून मेले, सगळी पांढरी धूळ."

हेस्टरनं दुसरा स्कोनही खाल्ला. तो माझा होता.

तेवढ्यात बाहेर जीप थांबली आणि स्ट्राउड आत आला. धिप्पाड गडी, वाकल्याशिवाय दारातून मावत नाही. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. मी उभा राहिलो, दोन शब्द सुनावले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. त्यानं ऐकून घेतलं आणि खुर्ची ओढून बसला.

"हे बघ ड्रायव्हर," तो म्हणाला, "मला न्यायचंच असतं तर डबा भिंतीसकट नेला असता. आमच्या वकिलाला ती वही चोरायची नाहीये. त्याला ती वाचायची आहे. मार्चपासून मागतोय. तुमचे मास्तर म्हणतात, सोमवारी, सोमवारी."

"वाचायची कशाला?" हेस्टरनं विचारलं.

"तो म्हणतो, एवढी माणसं एवढी वर्षं लिहितायत, कुणीतरी नको ते लिहिलं असेलच."

तो हसत निघून गेला. माझं डोकं सणकलं होतं, पण हेस्टर बशीतल्या चुऱ्यावर बोट दाबून तो उचलत होती. म्हणाली, पेलिंग, मास्तर म्हणाले त्या डच मुली तुझ्याच बसनं आल्या असतील ना? कुठल्या बसनं आल्या आणि कुठल्या बसनं गेल्या, ते मला नीट आठवून सांग.

४

मला आठवायची गरजच नव्हती. दोन उंच मुली, पाठीवर बोजे, तीन वीसला माझ्या बसमधून वर उतरल्या. मी त्यांना फाटक दाखवलं. मास्तर तेव्हा बसमध्ये चढत होते. मुली गेल्या कड्यापर्यंत, पावसात भिजल्या, आणि पाच पंचवीसच्या शेवटच्या बसला थरथरत शेडमध्ये सापडल्या. त्यांनीच मला खिदळत सांगितलं की बसची वाट बघताना वहीत मेंढी काढली, शेपटीपासून चष्म्यापर्यंत.

"हे तू आणखी कुणाला सांगितलंस?"

कुणालाच नाही. बस डेपोत लावली, घरी गेलो, चीज-लोणच्याचं सँडविच खाल्लं, झोपलो.

हेस्टरला तेवढं पुरलं. मला समजायला मात्र परतीची एक फेरी लागली, आणि समजलं त्या वळणावर माझा गिअर चुकला. मेंढी काढली पाचनंतर. मास्तर तर तीन पंचवीसला खाली गेले. मग त्यांनी मेंढी पाहिली कधी?

रविवारच्या शेवटच्या बसला क्लबाचे लोक दमून बसले होते, खिडक्यांवर वाफ धरली होती. मास्तर सगळ्यात मागच्या बाकावर एकटे. हेस्टर माझ्या मागच्या सीटवर बसली आणि वळणावळणाला मला एकेक गोष्ट सांगत गेली.

"शनिवारी दुपारी वाट कोरडी होती. कोरड्या खडूची धूळ होते, लगदा होत नाही. मास्तरांचे बूट लगद्यानं माखलेत. म्हणजे पाऊस पडून गेल्यावर ते टेकडीवर होते. शेवटची बस तर तू घेऊन आलास, त्यात ते नव्हते. म्हणजे स्टेनबर्नहून मागच्या बाजूनं पाच मैल चालत वर आले, आणि पाच मैल चालत परत. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो. पेलिंग, हा माणूस बूट दात घासायच्या ब्रशनं घासतो. आज सकाळी घासायचं त्राण उरलं नव्हतं त्यांच्यात."

"पण का? ही वाट म्हणजे त्यांचा जीव आहे."

"ते मला माहीत नाही," ती म्हणाली, आणि उठून मागं गेली. आरशात मला दिसलं, ती मास्तरांच्या शेजारी बसली. बसमध्ये एवढी शांतता होती की तिनं विचारलेलं मला पुढं ऐकू आलं.

"मास्तर, ती चष्मेवाली मेंढी तुम्हाला भेटली कधी?"

५

त्यांनी नाकारलं नाही. सगळे उतरल्यावर आम्ही तिघं बसमध्येच बसलो, आणि मास्तर खाली मान घालून बोलत राहिले.

बावीस वर्षांपूर्वी क्लब निघाला तेव्हा व्हेरल मास्तरांनी इस्टेटीच्या जुन्या मालकाला, मेजर टेनंटला, पत्र लिहिलं. आमच्या क्लबाला आपल्या रानातून जाऊ द्याल का? मेजरनं एका ओळीत उत्तर दिलं, खुशाल जा. मास्तरांना इतका आनंद झाला की ते पत्र त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर डकवलं आणि खाली वळणदार अक्षरात आभार मानले. मग विसरले. गेल्या आठवड्यात कायद्याचं चोपडं पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचलं. त्यात लिहिलेलं, वीस वर्षं लोक चालले पाहिजेत, उघडपणे चालले पाहिजेत, आणि बिनविचारता. मालकानं परवानगी दिलेली असेल तर ते चालणं मोजायचंच नाही.

"म्हणजे चोरासारखं गेलात तर वाट तुमची, आणि विचारून गेलात तर नाही?" मी म्हटलं. मला पटेना.

"मला लहानपणापासून शिकवलेलं, कुणाच्या जमिनीत पाय ठेवायचा तर विचारून," मास्तर म्हणाले. "त्या शिकवणीनंच घात केला. वाट मी घालवली, माझ्या हातानं."

हेस्टरनं विचारलं, मग ते पान फाडलं का नाही?

मास्तरांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यांना कुणाचा गळा कापायला सांगितलं. वही फाडायची? आणि उद्या त्या बाईंसमोर सगळं ठीक आहे म्हणून खोटं बोलायचं? ते त्यांना जमलं नसतं. पण वही हरवली असती तर खोटं बोलावं लागलं नसतं. नुसतं, वही नाही, म्हणायचं. आणि ती कायमची हरवावी असंही त्यांना वाटत नव्हतं. चौकशी संपेपर्यंत, बस्स. शनिवारी दुपारी उचलायचा धीर झाला नाही, म्हणून संध्याकाळी पुन्हा चालत वर गेले.

"अठ्ठावीस दिवस," हेस्टर म्हणाली.

मास्तर लाल झाले.

मला उलगडेना. हेस्टरनं कपाळावर हात मारला आणि हसायला लागली, पहिल्यांदाच त्या दिवशी. आमच्या डेपोच्या दाराला फट आहे. सुट्टीच्या दिवशी कुणाला बसमधली वस्तू सापडली तर त्यातून आत टाकायची. वस्तू अठ्ठावीस दिवस खोलीत राहते, कोरडी, कुलपात, मग मालकाला कळवतात. या गृहस्थानं रविवारी सकाळी माझी बस पकडायच्या आधी वही चोरीचा माल म्हणून नव्हे, सापडलेली वस्तू म्हणून रीतसर जमा केली होती. सव्वीस वर्षं तिनं सांभाळलेल्या खोलीत.

सोमवारी आठ वाजता आम्ही तिघं डेपोच्या खिडकीशी. वहीला चिठ्ठी बांधलेली: जाड वही, मेणकापडात. "कुठे सापडली" या रकान्यात काही नाही. तिथं खोटं लिहायला मास्तरांचा हात गेला नाही.

खिडकीवरचा नवा माणूस ओळखपत्र मागत होता. हेस्टरनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यानं वही दिली.

आता प्रश्न राहिला तो खरा. दोन तासांनी सरकारी बाई माझ्याच बसनं वर जायच्या होत्या. वही द्यायची की नाही?

६

मास्तर म्हणाले, द्यायची. माझी लाज मी बघून घेईन. मी म्हटलं, अजून कुणाला ठाऊक नाही, परत फटीतून टाका. हेस्टरला आमचं कुणाचंच ऐकू येत नव्हतं. बस वर जाईपर्यंत ती एकेक पान उलटत होती, ओठ हलवत. वर पोचलो तेव्हा ती अर्ध्यावर होती, आणि तिनं वही मास्तरांच्या हातात ठेवून फक्त एवढं सांगितलं, पहिलं पान तुम्हीच उघडून दाखवा.

बाईंचं नाव मिस कोकर. ठेंगणी, मोठा रेनकोट, खिशात सफरचंद. शेडच्या बाकावरच बसली कामाला. क्लबाचे लोक एका बाजूला, स्ट्राउड आणि त्याचा वकील दुसऱ्या. मास्तरांनी पहिलं पान उघडलं आणि स्वतःच वाचून दाखवलं. मेजरचं पत्रही, स्वतःचे आभारही.

वकिलाच्या चेहऱ्यावर सण उजाडला. तो म्हणाला, झालं तर मग, सगळे परवानगीनं चालत होते, संपला दावा. क्लबातल्या काही बायका मास्तरांकडे अशा बघायला लागल्या की मी मधे जाऊन उभा राहिलो.

हेस्टरनं हात वर केला, शाळेतल्यासारखा.

"परवानगी क्लबाला दिली," ती म्हणाली. "क्लब महिन्यातून एकदा येतो, तिसऱ्या रविवारी. क्लबाची माणसं नावापुढं आपला सभासद नंबर लिहितात, मास्तरांचा तसा दंडकच आहे. तेवढी सगळी खोडा. मग वहीत कोण उरतं ते बघा."

मिस कोकरनं पानं उलटली. ती बराच वेळ उलटत राहिली, सफरचंद तसंच हातात. उरले होते हजारो. लीड्सचा एक सुतार. नर्सांची एक टोळी. मंगळवारी येणारा कुणी, जो दर वेळी फक्त "पुन्हा मी" लिहायचा, अकरा वर्षं. मेंढ्यांबद्दल वाईट शब्द लिहिणारा एक पोरगा. आणि शेवटच्या पानावर चष्मेवाली मेंढी. यांपैकी कुणालाही मेजर टेनंट कोण हे ठाऊक नव्हतं. कुणी कुणाला पत्र लिहिलं नव्हतं.

वकील म्हणाला, पण त्यांनी तोंडी विचारलं नसेल कशावरून?

तेव्हा मिस कोकर माझ्याकडे वळली. "या लोकांना इथं कोण उतरवतं?"

"मी. एकतीस वर्षं."

"वाटेबद्दल विचारतात का ते?"

"विचारतात की. मी म्हणतो, त्या फाटकातून जा, मेंढ्या डाव्या हाताला ठेवा, फाटक लावून घ्या."

"कुणाची परवानगी लागेल असं कधी सांगितलंत?"

मी जरा विचार केला. शपथेवरचं बोलणं होतं, उगाच काही बोलायचं नव्हतं.

"नाही बाई. विचारायचं कशाला, वाटच आहे ती."

तिनं ते शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले. मग सफरचंदाचा पहिला चावा घेतला.

निकाल यायला अकरा महिने लागले. मधे फाटकाला साखळी होती, आणि रविवारी मी रिकामी बस घेऊन वर यायचो, रिकामी घेऊन खाली जायचो. मे महिन्यात कागद आला. क्लबाचे बेचाळीस साक्षीदार, नीट टाय लावून अर्ज भरलेले, एकही धरला नव्हता. धरला होता तो सुतार, त्या नर्सा, तो "पुन्हा मी", तो शिवराळ पोरगा. वाट सगळ्यांची झाली.

साखळी काढली त्या रविवारी स्ट्राउड फाटकाशी उभा होता, हाताची घडी घालून. क्लबाची माणसं एकेक करून आत गेली. मास्तर शेवटी. स्ट्राउडसमोर पोचल्यावर त्यांचा हात आपोआप टोपीकडे गेला आणि तोंड उघडलं. हेस्टर मागंच होती, तिनं त्यांच्या बुटावर बूट ठेवला. मास्तरांनी तोंड मिटलं. एक शब्द न बोलता, मान वर करून, ते त्या धिप्पाड माणसाच्या नाकासमोरून चालत गेले. वीस पावलं गेले असतील, मग थांबले. कान तांबडे झाले होते.

"जन्मात मी इतका उद्धटपणा केला नव्हता," ते हेस्टरला म्हणाले.

मग वळून फाटकाबाहेर आले, आणि पुन्हा एकदा आत गेले.